अंजिराला दिलेलं एक वर्ष

आमच्या घरात मुंगी नुसती मुंगी नव्हती, ती उद्योगाचा धडा होती. चिमणी म्हणजे उद्याची काळजी न करण्याचा धडा, बाभळीचा काटा म्हणजे टोचून बोलण्याचा धडा, आणि ओढ्यातला गोटा म्हणजे सोसून सोसून गुळगुळीत होण्याचा धडा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून त्यांची हौस फिटत नसे, म्हणून रविवार आमच्यासाठी राखलेला असे. सकाळी उपासना, मग जेवण, आणि उन्हं कलली की बाबा, ताई आणि मी गावामागच्या टेकडीवर. तिथून प्रत्येकानं एक वस्तू आणायची, संध्याकाळी जेवताना ती ताटाशेजारी ठेवायची आणि तिनं आज काय शिकवलं ते सांगायचं.

ताई या कामात पटाईत होती. तिला सुगरणीचं गळून पडलेलं घरटं सापडायचं, मोराचं पीस सापडायचं, आणि त्यांच्यासोबत तयार धडाही सापडायचा. मला काही सापडत नसे आणि सापडलं तरी ते माझ्याशी बोलत नसे. एकदा वैतागून मी वाटेत पडलेली शेणीच उचलून आणली. आईनं ती ताटाशेजारी ठेवू दिली नाही, उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. बाबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "हिनं काय शिकवलं?" मी म्हटलं, "वाळल्याशिवाय पेटत नाही, हे शिकवलं." मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण बाबा इतके खूश झाले, की पुढच्या रविवारच्या शाळेत त्यांनी ते सगळ्यांना माझ्या नावासकट सांगितलं. मग महिनाभर मुली मला 'शेणी' म्हणून हाक मारत होत्या.

माझा खरा दोष मात्र वेगळाच होता. मी आरंभशूर होते. विणायला घेतलेला रुमाल तीन बोटांवर थांबलेला, बाजाच्या पेटीवर एकच गीत तेही पहिल्या कडव्यापर्यंत, आणि पावसाळ्यात केलेल्या वाफ्यात मेथी उगवली की नाही हे बघायला मी रोज बी उकरून काढायचे, म्हणून ती कधी उगवलीच नाही. "हिचं मन म्हणजे तव्यावरचं पाणी," असं आई म्हणायची. मला त्याचा राग यायचा, आणि तो रागही फार टिकायचा नाही.

तर अंजिराची गोष्ट. आमचं गाव रहिमतपूरपासून एस.टी.नं तासाभरावर, आणि घर भाड्याचं, पण मागं ऐसपैस परसू होतं. मी अगदी लहान असताना बाबा कसल्याशा सभेला शिरवळला गेले होते, तिथून येताना डालडाच्या डब्यात एक अंजिराचं रोप मांडीवर घेऊन आले. पवित्र शास्त्रात जागोजागी अंजीर आहे, मग आपल्या परसात का नको, एवढाच त्यांचा हिशेब. रोप मोठं झालं, त्याला फांद्या फुटल्या, हाताच्या पंजासारखी पानं आली. आलं नाही ते फळ. देवानं घडवलेल्या पहिल्या आईबापांनी याच झाडाची पानं नेसली होती असं बाबांनी सांगितल्यावर मी एक पान गालाला घासून पाहिलं होतं. ते काथ्यासारखं खरखरीत. इतकी पानं नेसून त्यांना खाज कशी सुटली नाही, हे मी विचारलं, तेव्हा बाबांनी मला मुंगीकडे बघायला सांगितलं.

आईला त्या पानांचा उपयोग एकच, करपलेला तवा घासायला. बाकी ते झाड तिच्या डोळ्यांत सलायचं. परसात दुपारी धड ऊन पडणारी जागा तेवढीच, आणि नेमकी तिथंच याची सावली. आई सांगलीकडची, उन्हाळा आला की कुरडया, सांडगे, पापड असं वाळवण घालायचं म्हणजे तिला सणापेक्षा जास्त उत्साह. त्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तिनं कुरडयांचा पहिला घाणा घातला आणि अर्ध्या तासात सावली त्याच्यावर आली. आईनं सोऱ्या खाली ठेवला. शेजारच्या फौजी मामांच्या घरी गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

फौजी मामा म्हणजे लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, उसाचे चांगले बागायतदार. त्यांची कुऱ्हाड बघून मी झाडाकडे धावले. मला त्या झाडाचं एवढं प्रेम होतं असं नाही. पण त्याच आठवड्यात बाबांनी फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला सांगितला होता. मालक म्हणतो, तीन वर्षं झाली, तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. तो माळी मला फार आवडला होता, आणि तेव्हापासून आईपुढं माझी त्याचीच टकळी चालू होती. आयुष्यात पहिल्यांदा एक धडा माझ्याशी बोलला होता, आणि आई तोच तोडायला निघाली होती.

मी झाडाला मिठी मारली आणि ओरडले, "एक वर्ष! शास्त्रात एक वर्ष दिलंय!"

बाबा पुस्तकातून मान काढून आले. त्यांची पंचाईत झाली. पोरीनं दाखला बरोबर लावला याचा अभिमान एकीकडे, बायको कुऱ्हाड घेऊन उभी दुसरीकडे. ते म्हणाले, "अगं, ही म्हणतेय ते चूक नाही."

"खणणार कोण? खत घालणार कोण?" आईनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

ताई खुदकन हसली. आईनं कुऱ्हाड जमिनीवर टेकवली. मग म्हणाली, "बरं. पुढच्या ईस्टरपर्यंत. फळ आलं तर राहील. नाहीतर ही आहेच. आणि कुऱ्हाडीला कुणी हात लावाल तर खबरदार." तिनं ती मागच्या दाराआड, खराट्याशेजारी उभी केली. परसात जायचं तर तिच्यावरून जावंच लागायचं.

मग मी कामाला लागले. खुरप्यानं भोवती आळं केलं. चुलीतली राख घातली, गोठ्यांतून मागून आणलेलं शेण घातलं, भाजीची देठं पुरली. रोज सकाळी दोन कळशा पाणी. पावसाळ्यात ते पाणी घालायची गरज नव्हती, तरी एक-दोनदा छत्री धरून घातलं. बाबा उपासनेत माझ्या झाडासाठी प्रार्थना करत, मंडळी डोळे मिटून 'आमेन' म्हणत, आणि मी एक डोळा उघडा ठेवून कोण मनापासून म्हणतंय ते बघत असे. झाड तरारलं. पानं सुपाएवढी झाली. भाद्रपद आला तोवर सावली दुप्पट झाली होती आणि फळ एकही नव्हतं.

पुढं हंगामाचा रविवार आला. त्या दिवशी आमच्या मंडळीतला प्रत्येकजण आपल्या शेतातलं, परसातलं जे काही असेल ते आणून देवळात पुढं मांडतो. भुईमुगाच्या डहाळ्या, ज्वारीची कणसं, दुधी, अंडी, उसाची मोळी. ताईनं तिच्या वेलाची तीन दोडकी नेली. मी अंजिराची एक फांदी नेली, नुसत्या पानांची. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि दोडक्यांच्या खाली ठेवली. घरी येताना मी सगळ्यांच्या पुढं झपाझप चालले. मागच्या दारातून परसात गेले तेव्हा कुऱ्हाड होती तिथंच होती.

दिवाळी झाली आणि माणदेशाकडून धनगर उतरले. फौजी मामांचं एक रान मोकळं झालं होतं, त्यात मेंढरं बसवली होती. आठ-दहा दिवस कळप रानात बसतो, रान खताळतं, आणि धनगरांना त्याबद्दल धान्य मिळतं. मी पाटी घेऊन लेंड्या आणायला गेले. आता मला मेंढपाळ माहीत होता तो रविवारच्या शाळेतल्या चित्रातला: पांढरा झगा, खांद्यावर कोकरू, चेहरा शांत. हा म्हातारा घोंगडी पांघरून तंबाखू मळत होता, डोक्याला तांबडं मुंडासं, आणि एका चुकार मेंढीला अशा काही शिव्या घालत होता की मी कानांवर हात ठेवले. मेंढी मात्र पहिल्याच शिवीला वळली. म्हणजे मेंढरं आवाज ओळखतात एवढं तरी चित्रातलं खरं होतं.

"आजोबा, लेंड्या देता का?"

"लेंड्या मामाच्या झाल्या आता. त्यास्नी इचार," तो म्हणाला. मग मला निरखून, "कशाला पायजेत गं?"

मी सगळं सांगितलं. दाखला, माळी, एक वर्ष, कुऱ्हाड. त्यानं तंबाखू गालात ठेवली आणि उठला. "चल, दाव तुजं झाड."

परसात येऊन त्यानं अंजिराभोवती एक फेरी मारली. आळ्यातल्या ओल्या काळ्या मातीत काठीचं टोक खुपसलं, ते वीतभर आत गेलं. मग असा हसला की त्याचे दोनच दात दिसले.

"पोरी, लय खायाला घातलंस की गं! जावई बी असा कुनी पोसत न्हाई. पोट भरल्यालं झाड कशाला फळतंय? त्याला वाटतंय, बरं चाललंय आपलं."

"मग काय करू?"

"पानी तोड. थेंब न्हाई घालायचा. मुळ्या उगड्या टाक, ऊन लागू दे. पानं झडतील, रडू नगंस. झडली की फांद्या छाट, मग शेणखत दे आन् पानी सोड. शिरवळाकडं अंजिराच्या बागंत मेंढरं बसवतो न्हवं आमी, तितं बगितलंय. ताण दिल्याबिगर ह्यो गडी फळत न्हाई."

मी हादरले. हा तर शास्त्राच्या विरुद्ध बोलत होता. संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, दाखला काढला, बोट ठेवून एकेक शब्द वाचला, परत वाचला. शेवटी म्हणाले, "यात खणणं आहे, खत आहे. पाण्याचं काही म्हटलेलं नाही. पाणी आपण आपल्या पदरचं घातलं." मग चष्मा काढून, "आणि एक सांगू का? त्या झाडाला पुढं फळ आलं की नाही, हेही यात सांगितलेलं नाही. मी पंचवीस वेळा शिकवलं, पण हे कधी लक्षात आलं नाही." एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही असं बाबा कबूल करतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला ते फार आवडले त्या क्षणी.

मी पाणी तोडलं. खणणं सोपं होतं, पाणी घालणं सोपं होतं. काही न करणं महाकठीण. आठवडाभरात पानं मलूल झाली, मग पिवळी, मग टपटप गळायला लागली. ताई म्हणाली, "तुझ्या धनगरानं मारलं झाड." मला वाटलं, सोडून द्यावं सगळं. रुमाल सोडला, पेटी सोडली, तसं हेही. पण सोडलं की दुसऱ्या दिवशी दाराआडची कुऱ्हाड बाहेर येणार, ही खात्री होती. मी रोज झाडाजवळ हात मागं बांधून उभी राहायचे, शिक्षा झाल्यासारखी.

त्यात एक विचित्र गोष्ट घडायला लागली. बुंध्याजवळची माती रोज दुपारनंतर ओली दिसायची. मी आधी ताईवर घेतला संशय, कारण ती कधीच गुन्हा करत नसल्यामुळे मला तिच्यावर संशय घ्यायला आवडायचं. मग बाबांवर घेतला. शेवटी एका शनिवारी शाळेतून लवकर आले आणि न्हाणीच्या भिंतीआड दबा धरून बसले. आई आली. हातात तांदळाच्या धुवणाचं पातेलं. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच अंजिराच्या बुडात ओतलं.

"आई!"

ती दचकली, पातेलं पडता पडता वाचलं. "काय गं ओरडतेस? धुवणाचं पाणी कुठं टाकू मग? डोक्यावर ओतून घेऊ?"

"पण ताण द्यायचाय ना!"

"ताण द्यायचाय," तिनं वेडावून दाखवलं. "बिचारं किती सुकलंय बघ तरी."

धुवणाचं कारण मला पटलं. दुष्काळ सरून दोनेक वर्षंच झाली होती. टँकरच्या मागं घागर घेऊन धावलेली आई पाण्याचा एक थेंब नालीत जाऊ देत नसे. सवय, मी मनाशी म्हटलं. मी तिला दम देऊन ते पाणी कोथिंबिरीला घालायला लावलं. आईला दम द्यायची संधी मला पुन्हा फारशी मिळाली नाही, म्हणून ती चांगली लक्षात आहे.

महिना भरला. झाडाचा नुसता सांगाडा उरला. छाटायला मी दाराआडच्या कुऱ्हाडीकडे वळले तर आई म्हणाली, "ती नको. ती वेगळ्या कामाला आणलीय. मामांचा कोयता आण." कोयता आणला, बाबांनी फांद्या छाटल्या, मी खाली उभी राहून गोळा केल्या. पांढरा चीक हातांना लागला आणि दोन दिवस मी खाजवत बसले. पानं नेसलेल्या त्या पहिल्या आईची आठवण आली. मग मामांकडून मागून आणलेलं खत घातलं, आणि पहिली कळशी ओतली तेव्हा ते पाणी मातीनं असं घटाघटा प्यालं की आम्ही चौघं बघत उभे राहिलो.

नाताळ जवळ आला. कळकाच्या काड्यांचा तारा बांधून, पतंगाचा कागद लावून, बाबांनी तो यंदा दारावर न टांगता अंजिराच्या बोडक्या फांदीवर टांगला. करंज्या झाल्या, गाणी झाली. तारा उतरवायला गेलो तर फांदीवर हिरवे कोंब होते, टाचणीच्या टोकाएवढे. झाड मारलं म्हटल्याबद्दल मी ताईला उठाबशा काढायला लावणार होते, पण सणाचे दिवस म्हणून सोडून दिलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात पानांच्या बगलेत हिरव्या गोट्या आल्या. एक, तीन, अकरा, मग मी मोजणं सोडलं. बुलबुल घिरट्या घालायला लागले तेव्हा आईनं आपलं जुनं लुगडं झाडावर पांघरलं. वाळवणाचे दिवस आले होते, तिनं कुरडया पत्र्यावर घातल्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या वर्षी ईस्टर बराच उशिरा आला, हे आमचं नशीब. ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी पाच अंजिरं पिकलेली होती, जांभळट, देठाशी मऊ.

पुनरुत्थानाची उपासना टेकडीवर उजाडताना व्हायची. मी तीन अंजिरं पानावर ठेवून नेली आणि पाळकांपुढं मांडली. त्यांनी या खेपेला ती वरती ठेवली, सगळ्यांना दिसतील अशी. उरलेल्यांपैकी एक घरी चौघांत कापलं. माझ्या वाटणीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि मला भोकाड पसरून रडू आलं. मला एवढा आनंद तोवर कधीच झाला नव्हता, हे मी आजही सांगू शकते. पाचवं आईनं पत्र्यावर सुकवलं, पुढच्या दिवाळीला धनगर आजोबांना दिलं. त्यांनी दोन दातांनी ते बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, "बरं हाय. शिरवळाचं जरा जास्त गोड असतंय."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "जा, मामांची कुऱ्हाड देऊन ये." वर्षभर जिला हात लावायची छाती झाली नव्हती ती खांद्यावर टाकून मी ऐटीत शेजारी गेले.

फौजी मामा अंगणात बसले होते. "का गं, तोडलं झाड?"

"नाही मामा. अंजिरं आली!"

"यायचीच," ते म्हणाले. कुऱ्हाड हातात घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं हसले. "न्हाईतर तोडणार हुता कशानं? ही कुऱ्हाड लोणी बी कापायची न्हाई. तुझ्या आईला मी चांगली धारंची काढून दिली हुती. म्हनली, दादा, ही नको, बोथट असंल ती द्या. म्या म्हनलं, बोथट घिऊन काय करनार? तर म्हनली, दाराआड उबी करनार. धाकटी त्या गोष्टीतल्या माळ्यागत एक वरीस मागनारच. मन कशात टिकत न्हाई तिचं, बगू वरीसभर ऱ्हातंय का."

मी तिथंच उभी राहिले. मामा आणखी काहीतरी बोलत होते, फौजेतलं, पोस्टिंगचं. मला धुवणाचं पातेलं दिसत होतं, आणि तोडायला काढलेल्या झाडाला चोरून पाणी घालणारी आई.

घरी आले तर ती पत्र्यावरच्या कुरडया उलटत होती.

"दिली?"

"दिली."

"काही म्हणाले?"

"नाही."

मी खाली बसून तिच्यासोबत कुरडया उलटायला लागले. सगळ्या संपेपर्यंत उठले नाही. पुढच्या रविवारी टेकडीवरून येताना मी काहीच उचललं नाही. जेवताना ताईनं रिठ्याची बी ठेवली आणि तिचा धडा सांगितला. मग बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू? या आठवड्यात काय शिकलीस?"

"काही सापडलं नाही, बाबा," मी म्हटलं.

आई भाकरी थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले, आणि पुढची भाकरी तिनं आधी माझ्या ताटात टाकली.